वरचं दूध कधीपासून?

तान्हं बाळ रुग्णालयात दाखल झालं की त्याच्या केसपेपरावर बरंच काही लिहिलं जातं. ताप किती, श्वास मिनिटाला किती, वजन किती, लघवी शेवटची कधी झाली, सलाईन कोणतं आणि किती थेंबांनी. आहाराचीही एक ओळ असते. पुष्कळ कागदांवर त्या ओळीत दोनच अक्षरं सापडतात : ‘बीएफ’. बाळ अंगावर पितं, एवढंच त्यातून कळतं. दिवसातून किती वेळा पितं, पिताना गिळतं का, जन्मल्यावर पहिलं काय तोंडात गेलं, वरचं दूध कधी सुरू झालं, ते कशातून पाजलं, त्यात पाणी किती घातलं, यातलं काहीही त्या दोन अक्षरांत नसतं. चार महिन्यांच्या जिवाचं सगळं आयुष्य पिण्या-झोपण्यात गेलेलं असतं. त्यातला निम्मा भाग न विचारताच सोडून दिला जातो आणि रक्ताच्या तपासण्या मात्र लगेच लिहून दिल्या जातात.

एका जिल्हा रुग्णालयाच्या बालरोग वॉर्डात ही ओळ कशी भरली जाते ते मी पाहिलं. जुलाबाने मलूल झालेलं चार महिन्यांचं मूल, विशीतली आई, शेजारी सासू. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, टाळू चाचपली आणि लिहिता लिहिता विचारलं, “ताई, अंगावरच पाजता ना?”

“हो मॅडम.”

ओळ भरली. त्या डॉक्टर मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. बाळ सुकत चाललं होतं, सलाईन आधी लावणंच योग्य होतं आणि बाहेर रांग होती. पण असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल?

सकाळी बाळ सावरल्यावर वॉर्डातल्या जुन्या सिस्टर खाटेवर टेकल्या. सासूबाईंना त्यांनी आधी चहाला पाठवलं. मग सहज म्हणाल्या, “काल उठल्यापासून सांग गं, त्याला पहिलं काय दिलंस?”

“पाजलं.”

“मग?”

“आंघोळ घातली. आईंनी गुटी दिली.”

“दुपारी तू कुठं होतीस?”

“खुरपायला. आई सांभाळतात त्याला.”

“मग भूक लागली की काय देतात?”

आई जरा थांबली. “गाईचं देतात. निम्मं पाणी घालून. बाटलीनं.”

“कधीपासून?”

“दोन महिने झाले. मॅडमना नका सांगू.”

पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जुलाब कुठून आले, वजन दोन महिने का अडलं होतं आणि घरी गेल्यावर पुन्हा काय होणार, हे सगळं त्या बोलण्यात आलं. गुटीचं तर आईच्या मनातही नव्हतं. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा सहाणेवर उगाळून रोज चाटवतात, ते तिच्या लेखी खाणंही नाही आणि औषधही नाही. “आणखी काही देता का?” या प्रश्नाला ती नाहीच म्हणणार. कालचा दिवस क्रमाने काढला की मात्र गुटी आपोआप बाहेर येते, उचकीसाठी दिलेलं साखरपाणी येतं, दृष्ट काढल्यावर चाटवलेला मध येतो.

‘मॅडमना नका सांगू’ हे वाक्य मला सगळ्यांत गंभीर वाटतं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत स्तनपानाचा प्रचार आपल्याकडे मनापासून झाला आणि तो व्हायलाच हवा होता. स्तनपानासाठी काम करणारी ‘बीपीएनआय’ ही देशव्यापी संस्था १९९१मध्ये आपल्या वर्ध्यात स्थापन झाली. बाळाच्या डब्यातल्या दुधाची जाहिरात रोखणारा कायदा १९९२मध्ये आला आणि २००३मध्ये अधिक कडक झाला. केंद्र सरकारने २०१६मध्ये ‘माँ’ हा कार्यक्रम सुरू केला. भिंतीभिंतीवर चित्रं लागली. पण या सगळ्याचा एक दुष्परिणाम असा झाला, की बाटली देणारी आई रुग्णालयात पाऊल टाकते तीच अपराधी होऊन. तिला ठाऊक असतं, की खरं बोललं तर रागावतील. म्हणून ती जे ऐकायला हवं तेच सांगते आणि आपण तेच लिहून घेतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या १९९३च्या स्तनपान समुपदेशनाच्या प्रशिक्षणात यावर भर होता : हो-नाही उत्तराचे प्रश्न टाळा, ‘पुरेसं’, ‘नीट’, ‘बरोबर’ असे न्याय करणारे शब्द वापरू नका, आईला बोलू द्या. आपल्या वॉर्डांत हे शिक्षण अजून पोचायचं आहे. मजुरीला जाणाऱ्या बाईने बाटली का धरली, हे तिला रागावून कळत नाही.

बाळाच्या पिण्याची हकिकत नीट विचारली तर काय घडू शकतं, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण पुण्याचं आहे आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत.

आज साठी-सत्तरीत असलेल्या बालरोगतज्ज्ञांना तो आजार चांगला आठवतो. वर्ष-दीड वर्षाचं, बऱ्या घरातलं मूल. आधी चिडचिड, भूक मंद, मग पोट फुगू लागतं. हात लावला तर यकृत दगडासारखं घट्ट आणि कडेला धार. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन मुलं जात. त्या घराण्याला काही तरी लागलंय असं गावात बोललं जाई. वैद्यकात त्याचं नाव ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’. कोलकात्याहून १८८७मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं होतं, म्हणजे शंभर वर्षं हा आजार नावानिशी माहीत होता. कारण मात्र कळत नव्हतं. भावंडांना होतो म्हणून आनुवंशिक असेल, असा तर्क होता. विषाणूंवर संशय घेऊन झाला, बुरशीच्या विषावर घेऊन झाला.

१९७९मध्ये पहिला ठोस धागा हाती आला. या मुलांच्या यकृतात तांबं नेहमीपेक्षा कित्येक पटींनी साठलेलं असतं, असं इंग्लंडमधल्या आणि पुण्यातल्या डॉक्टरांनी मिळून ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर त्यात होते. पुढे डॉ. शीला भावे यांनी पंडितांसोबत हे काम चिकाटीने चालवलं. प्रयोगशाळेने तांबं दाखवलं, पण ते बाळाच्या पोटात आलं कुठून? सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर आयांकडे आणि आज्यांकडे होतं.

म्हणून त्यांना विचारलं गेलं. अंगावर किती महिने पाजलं? वरचं दूध कोणत्या महिन्यात आलं? गाईचं की म्हशीचं? तापवलं कशात? तापवून ठेवलं कशात? भांडं पितळेचं की तांब्याचं? त्याला कल्हई होती का? हेच प्रश्न त्याच वयाच्या, हा आजार नसलेल्या मुलांच्या घरीही विचारले. या दुसऱ्या भागामुळेच हकिकतीला पुराव्याचं वजन आलं. एरवी प्रत्येक आजाऱ्याच्या घरी काही ना काही सापडतंच. १९८३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला, की तांबं उतरलेलं जनावराचं दूध फार लवकर सुरू होणं हे या आजाराचं संभाव्य कारण आहे. १९८७मध्ये भावे, पंडित आणि टॅनर यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याचा विषयच मुळी आजारी आणि इतर मुलांच्या पिण्याच्या हकिकतींची तुलना हा होता. आजारी मुलांना वरचं दूध लवकर लागलं होतं आणि ते पितळी भांड्यात तापलेलं, राहिलेलं होतं.

एकदा हे कळल्यावर बाकीचे तिढे सुटत गेले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई उडालेल्या तपेलीत दूध तापवून तासन्‌तास ठेवलं की तांबं दुधात उतरतं आणि दुधातल्या केसीन या प्रथिनाला घट्ट चिकटतं. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं असतं. तान्ह्या बाळाच्या यकृताला पित्तावाटे जादा तांबं बाहेर टाकणं नीट जमत नाही, त्यामुळे पहिल्या महिन्यांतलं दूध सर्वांत घातक. भावंडांना का? तर घर तेच, तपेली तीच, रीतही तीच. बऱ्या घरांत का? पितळेची भांडी आणि दुभतं जनावर दोन्ही बाळगणारं घर गावात खाऊनपिऊन सुखी म्हणूनच ओळखलं जाई. जर्मनच्या पातेल्यात दूध तापवणाऱ्या घरावर हे संकट तसं आलं नसतं.

तांब्याचा सिद्धान्त सगळ्यांनी जसाच्या तसा मान्य केला असं नाही. पितळेची हकिकत न मिळालेले रुग्ण काही डॉक्टरांनी दाखवले. एकाच तपेलीतलं दूध पिऊन सगळीच मुलं आजारी का पडत नाहीत, हा प्रश्नही रास्त होता. त्याचा काही उलगडा ऑस्ट्रियातल्या टायरॉल प्रांतातून झाला. तिथल्या डोंगरी खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात अगदी अशाच यकृताच्या आजाराची १३८ बाळं नोंदली गेली होती. तिथेही तांब्याच्या भांड्यात गाईचं दूध उकळून बाळांना पाजत. भांडी बदलली आणि आजार संपला. १९९६मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध करणाऱ्यांनी म्हटलं, की काही घराण्यांत उपजत कमजोरी असावी आणि तांब्याने ती उघडी पाडली असावी. मला हे पटतं. पण बदलता येण्यासारखं जे होतं ते भांडं होतं.

पुण्याच्या पथकाने तेच केलं. बाळाचं दूध पितळेत तापवू नका, ठेवू नका, आणि शक्य तितके दिवस अंगावरच पाजा, हा सल्ला घरोघरी गेला. प्रतिबंधाचा हा अनुभव १९९२मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर घरोघरी स्टीलही आलं होतं आणि जुनी पितळ मोडीत निघाली होती. शंभर वर्षं मुलं नेणारा आजार एका पिढीत दिसेनासा झाला. आज बालरोग शिकणाऱ्या मुलांना तो पुस्तकातच भेटतो. पेनिसिलामाइन या औषधाने लवकर सापडलेल्यांपैकी काही मुलं वाचली हेही खरं, पण आजार हटला तो प्रश्न विचारल्यामुळे. त्या मुलांच्या केसपेपरावर ‘दूध : गाईचं’ एवढंच लिहिलं असतं, तर काय हाती लागलं असतं?

कुणाला वाटेल, ते दिवस गेले. आता तपासण्या आहेत. पण तपासणी कोणती करायची हे सुचण्यासाठीच हकिकत लागते. वर्षाचं एक मूल येतं. अंगाने गुबगुबीत, पण फिकट. केस विरळ, तांबूस. बोटांच्या पेरांवर काळसर झाक. हसत नाही, कुणाकडे बघत नाही. आधी बसायचं, आता बसत नाही. हातपाय थरथरतात आणि झोपेत थरथर थांबते. आपल्या देशात हा आजार बालरोगतज्ज्ञांना जुन्या काळापासून माहीत आहे आणि त्यातल्या पुष्कळ मुलांना ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. मूल वर्षभर फक्त अंगावर प्यालेलं असतं आणि आईच्याच शरीरात ब-१२ नसतं. अशा मुलाच्या कागदावर ‘बीएफ’ ही दोन अक्षरं सगळं ठीक असल्याच्या दाखल्यासारखी दिसतात. विचारायचं असतं ते त्यापुढचं : सहा महिन्यांनंतर काय सुरू केलं, पेज, खिमट, वरणभात काही? उष्टावण झालं ते त्या दिवसापुरतंच का? आणि आई स्वतः काय खाते, दूध-दही तिच्या ताटात येतं का? पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून जो माता-पोषणाचा अभ्यास केला, त्यात सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांच्या रक्तात ब-१२ कमी आढळलं होतं. म्हणजे बाळाची हकिकत आईच्या ताटापर्यंत नेल्याशिवाय ती पुरी होत नाही. यात आईच्या दुधाला बोल लावण्यासारखं काही नाही. बोल लावायचा तर तिच्या ताटाकडे न बघणाऱ्या घराला आणि दवाखान्याला.

दुसरं टोक पाचव्या-सहाव्या दिवशीच्या बाळाचं. पहिलटकरीण. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुट्टी झालेली. बाळ दिवसभर झोपतं, रडत नाही, सगळे म्हणतात गुणी आहे. सहाव्या दिवशी अंग तापतं. दवाखान्यात काट्यावर ठेवलं तर तीन किलोचं बाळ अडीच किलोवर आलेलं. रक्तात सोडियम एकशे पन्नासच्या पुढे. जन्मानंतरच्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांहून अधिक उतरलं तर बाळाला दूध मिळत नाही असं समजायचं. आई म्हणते, पाजते की! खरंच पाजत असते. बाळ छातीला लागलेलं असतं, पण ओढत नसतं. इथे ‘पाजता का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. विचारावं लागतं, चोवीस तासांत किती वेळा घेतलं, लंगोट किती वेळा ओला झाला, गिळल्याचा आवाज येतो का, पाजल्यावर छाती हलकी वाटते का, बोंडशीला चिरा पडल्यात का. आणि बघावं लागतं. लहान बाळांच्या आजारांसाठी सरकारने जी आयएमएनसीआय पद्धत आणली, तिच्यात हे लिहिलेलं आहे : तासाभरात पाजलं नसेल तर आईला पाजायला सांगा आणि चार मिनिटं बघत राहा. हनुवटी छातीला टेकली आहे का, तोंड मोठं उघडलं आहे का, खालचा ओठ बाहेर वळला आहे का, काळसर भाग वर जास्त आणि खाली कमी दिसतो का. चारच गोष्टी, चारच मिनिटं. आयआयटी मुंबईच्या डॉ. रूपल दलाल गेली कित्येक वर्षं बाळाला नीट छातीला लावायचं कसं, हे गावोगावच्या सिस्टर आणि आशाताईंना शिकवत आहेत, ते याच चार मिनिटांसाठी.

आकडेवारीने आपली समजूत घालू नये, असंही मला वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत सहा महिन्यांखालच्या निव्वळ स्तनपानाचं प्रमाण देशात ६३.७ टक्के आलं, आधीच्या फेरीत ते ५४.९ होतं. महाराष्ट्रात त्याच फेरीत ते सुमारे ७१ टक्के होतं. ही वाढ आनंदाचीच आहे. पण पाहणीत प्रश्न कालच्या दिवसरात्रीचा असतो. पहिल्या आठवड्यात डब्याचं दूध प्यालेलं, पण काल फक्त अंगावर प्यालेलं बाळ निव्वळ स्तनपानातच धरलं जातं. लोकसंख्येचा अंदाज घ्यायला ही रीत सोयीची आहे. खाटेवरच्या एका बाळासाठी ती पुरत नाही; त्याची हकिकत जन्मापासून घ्यावी लागते, कालची तर हवीच.

जन्मापासून म्हटलं की बोट रुग्णालयाकडेच वळतं. महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. त्याच पाहणीत तासाभरात छातीला लावलेली बाळं मात्र सुमारे ५३ टक्केच आहेत. पहिला तास सासूच्या नव्हे, आपल्या डॉक्टर-सिस्टरांच्या हातात असतो. सिझेरियननंतर आई शुद्धीवर येईपर्यंत, किंवा रात्री बाळ फार रडलं म्हणून, वाटीभर पावडरीचं दूध दिलं जातं. कधी त्याला खरंच वैद्यकीय कारण असतं, साखर उतरलेली असते, बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं. प्रश्न देण्याचा नंतर. आधी नोंदीचा आहे. प्रतिजैविकाचा एक डोस दिला तर वेळ, मात्रा आणि सही असते. तीस मिलिलिटर पावडरीचं दूध दिलं तर पुष्कळ ठिकाणी काहीच नसतं.

नोंद करता येत नाही असं नाही. अतिदक्षता विभागात दर दोन तासांनी दूध किती, नळीने की पळीने, आईचं काढलेलं की दात्या मातेचं, हे व्यवस्थित लिहिलं जातं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. तशा पेढीत तर प्रत्येक बाटलीचा हिशेब असावाच लागतो. आणि गडचिरोलीत? ‘सर्च’ या संस्थेच्या आरोग्यदूत बायांनी घरोघरी नवजात बाळांच्या नोंदी इतक्या काटेकोर ठेवल्या, की १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने ते काम छापलं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या गृहभेटी त्यावरून बेतल्या गेल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिच्या तक्त्यात जन्मल्यावर बाळाला पहिलं काय दिलं, छातीला कधी लावलं, हे प्रश्न आहेत. म्हणजे गावातल्या आशाताईच्या कागदावर जे असतं ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या केसपेपरावर नसतं. बाळ दाखल झालं तर तिचा तक्ता कुणी मागवतही नाही.

माझी मागणी छोटी आहे. आहाराच्या त्या ओळीची चार-पाच ओळींची जागा करा. पहिलं काय आणि कधी दिलं, वरचं काही सुरू झालं तर कोणत्या आठवड्यात, कशातून, किती पाणी घालून, कालच्या दिवसरात्रीत काय काय, आणि पाजताना कुणी बघितलं का. विचारणारी व्यक्ती खाटेवर टेकलेली असावी आणि घरातली मोठी मंडळी थोडा वेळ बाहेर असावीत. हे काम निवासी डॉक्टरला जमत नसेल तर अनुभवी सिस्टरला द्या आणि तिच्या हातची नोंद मुख्य कागदावर येऊ द्या. ती वेगळ्या रजिस्टरात पडून राहिली तर कुणी वाचत नाही.

आणि सुट्टीच्या कार्डावर लसीच्या रकान्याखाली रुग्णालयाने स्वतः काय पाजलं ते लिहा : कधी, किती मिलिलिटर, कोणत्या कारणासाठी, कुणाच्या सांगण्यावरून. ज्या आईला पहिल्या तीन दिवसांत आपल्या बाळाने काय काय प्यालं हे कुणी सांगितलंच नाही, तिला पुढच्या दवाखान्यात ‘वरचं दूध कधीपासून?’ विचारलं तर ती अगदी प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर देईल. घरी निघताना ही नोंद मागून घ्यायला तिने, तिच्या नवऱ्याने, सोबतच्या आजीने संकोच करू नये.